एकशे सत्तावीस अंश

कॉम्प्युटर पुन्हा केकाटला आणि ताईने कपाळाला हात लावला. एकोणीस दिवस! एकोणीस दिवस हे बापडं मशीन तिच्या प्रबंधातल्या पुलाचं गणित सोडवत होतं. आता ते सुटायला फक्त तीन तास उरले होते, आणि आजच संध्याकाळी पाचला प्रबंध द्यायची मुदत संपत होती. दोनदा वाढवून घेतलेली. तिसऱ्यांदा कोण देणार, डोंबल!

"ताई, ते बोंबलतंय," सफाईवाले काका दारातून म्हणाले. "बंद करू? सरांनी सांगितलंय, मशीन ओरडलं की जवळ असेल त्याने बटण दाबायचं."

"काका, हात लावाल तर खबरदार!"

"बरं बाई, मी कुठे काय म्हणालो?"

मागे एक मशीन जळलं, तेव्हापासून प्रयोगशाळेत हा नियम होता.

ताईने लिनक्सच्या काळ्या खिडकीत सगळे आकडे मागवले. पंखे ठीक. प्रोसेसर अठ्ठेचाळीस अंश. तापमान मोजणारा तिसरा सेन्सर मात्र एकशे सत्तावीस! एवढ्या तापमानाला पाण्याची वाफ झाली असती. झाकण काढून तिने बोर्डाला हळूच बोट लावलं. कोमट. मग बोर्डाचं माहितीपुस्तक चाळलं आणि तिला हसूच फुटलं. तिथे सेन्सर बसवलेलाच नव्हता! रिकाम्या पिना वाचून मशीन गळा काढत होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये तिने एकच ओळ घातली: याच्याकडे दुर्लक्ष कर.

चिडीचूप!

तेवढ्यात सर धावत आले. "आवाज का थांबला? बटण तर चालू दिसतंय."

"खोटा अलार्म होता, सर. मी गप्प केला."

"गप्प केलास? पोर तापाने रडतंय म्हणून त्याचं तोंड दाबतेस होय?"

"सर, तिथे सेन्सरच नाही. हे पान बघा तरी—"

"मागच्या वेळीही सगळे हेच म्हणत होते!"

आणि त्यांनी भिंतीवरचं बटण खाली केलं.

पंखे घरघरत थांबले. गणित मधेमधे साठवून ठेवायची सोय ताईनेच काढून टाकली होती, तेवढेच दोन दिवस वाचावेत म्हणून.

सरांनी चष्मा लावून पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"अरे, खरंच की," ते पुटपुटले. "मग लाव ना परत."

"लावते," ताई म्हणाली, आणि खाली बसून झाकणाचे स्क्रू एकेक करून घट्ट करू लागली.