बाबांच्या नावापुढचा रकाना

मयुरीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. महिना होत आला होता. पत्र टेबलावर पडून होतं आणि मी त्या टेबलाजवळ बसणंच टाळत होतो.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत असे, तेही बहुतेक फळ्याकडे तोंड करून, कारण वर्गाकडे बघितलं की माझे शब्द अडायचे. 'सर, तुम्ही फोन उचलत नाही हे माहीत आहे, म्हणून पत्र,' अशी तिने सुरुवात केली होती. ती कोष्ट्याच्या घरातली, उमरेडला विणकरांच्याच एका संस्थेत काम करते. येत्या वर्षी घरोघरी सूत पुरवायचं, की ज्यांचं विणकाम सुटलं त्यांना दुसरं काम शिकवायचं, हे संस्थेला ठरवायचं होतं. दोन्ही एकदम झेपणार नव्हतं. म्हणून मयुरीने साठ घरी जाऊन विचारलं, 'तुमचा माग चालू आहे का?' सत्तेचाळीस घरांनी 'हो' सांगितलं.

'पण सर,' तिने पुढे लिहिलं होतं, 'दुपारी गल्लीतून चाललं तर मागाचा आवाज दोन-तीन घरांतूनच येतो. आमच्या घरी मागावर तांदळाची पोती रचली आहेत. दसऱ्याला ती उतरवून मागाला हार घालतो, मग पुन्हा रचतो. तरी बाबांनी मला 'चालू' असंच सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी तसंच लिहून घेतलं. आता बाबांच्या नावापुढे काय ठेवू? चालू ठेवलं तर सूत येऊन पडून राहील आणि त्यांना काम मिळायचं नाही. बंद लिहिलं तर त्यांना खोटं पाडल्यासारखं होईल. आमचे साहेब म्हणतात, अंदाजाने आकडा कमी कर. करू का?'

मी लगेच एक उत्तर लिहिलं होतं. 'ही प्रतिसादातली चूक आहे. असे प्रतिसाद वगळावेत.' मग वाचून पाहिलं. म्हणजे हेमराजला, तिच्या वडिलांना, वगळावं. कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'अंदाजाने आकडा बदलू नये.' ते बरोबर होतं, पण मग करायचं काय, ते त्यात नव्हतं. मी जन्मभर पिशवीतून लाल-पांढऱ्या गोट्या काढून नमुना कसा घ्यायचा ते शिकवलं. गोटीला काही विचारावं लागत नाही. कुणाच्या दारात जाऊन चार प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मी कसला सल्ला देणार?

आणि हे ठरवायची संस्थेची बैठक जवळ येत होती.

गेल्या मंगळवारी नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत पायल नावाची एक मुलगी आली. म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीची पाहणी करत होती. प्रश्न तिच्या मोबाइलवर होते.

"आजोबा, घरात किती जण राहता?"

"दोघं," मी म्हणालो.

शेजारची सखूबाई तिच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"दुसरं कोण गा, नानाजी? पुस्तकं मोजून राहिले काय?"

पायल हसली, मग माझं तोंड बघून तिने हसू आवरलं. माझ्या बायकोला, सुभद्राला, जाऊन दोन वर्षं झाली. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण 'एकटा' हा शब्द तोंडातून निघाला नाही.

"मी तर दोन टाकलं," पायल म्हणाली. "खोडू का?"

"राहू दे वं पोरी," सखूबाई म्हणाली. तिचा आवाज आता निवला होता. "पुढचं विचार."

"रात्री तब्येत बिघडली तर कोणाले उठवता, आजोबा?"

"कोणालाच नाही."

"मागच्या वेळी काय केलं होतं?"

"उजाडेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो."

सखूबाई ताडकन उठली. मांडीवरची मेथी खाली सांडली. "काहून? मी का मेली होती? एवढे शिकले अन् मधल्या भिंतीले ठोकता येत नाही तुमाले?"

"तुमची झोपमोड कशाला..."

"माझी झोप! आमचा पंकज असा घोरते, का भिंतच हालते. कोणाले झोप येते तिथं?"

पायलने मान खाली घालून उत्तर लिहिलं आणि ती पुढच्या घराकडे गेली. मी आत येऊन टेबलाशी बसलो.

पहिल्या प्रश्नाला मी खोटं बोललो असं मला अजूनही वाटत नाही. तो प्रश्न माझ्या घराबद्दल होता, आणि घर मोडलं हे दारातल्या माणसाला सांगवत नाही. पुढचा प्रश्न फक्त एका रात्रीबद्दल होता. त्या रात्री काय झालं ते सांगताना जीभ अडली नाही.

मी मयुरीला लिहिलं:

'बाबांच्या नावापुढे 'चालू' आहे तेच राहू दे. त्यांनी दिलेलं उत्तर खोडायचा अधिकार तुला नाही, साहेबांनाही नाही. पण शेजारी नवे रकाने कर आणि साठही घरी पुन्हा जा, 'नाही' म्हणणाऱ्यांकडेसुद्धा. सगळ्यांना एकाच शब्दांत विचार: मागावरून शेवटचं लुगडं कधी उतरलं? गेल्या महिन्यात घरातलं कोण कोण कशाच्या कामाला गेलं? तुझ्या घरी मात्र तू विचारू नकोस, दुसऱ्या कुणाला पाठव. लेकीसमोर बापाला जड जातं. अहवालात दोन्ही उत्तरं दे, आणि पहिला प्रश्न आपण नीट विचारला नव्हता हेही लिही. सूत द्यायचं की काम शिकवायचं, ते दुसऱ्या उत्तरांवरून ठरवायला सांग. वेळ पुरत नसेल तर बैठक पुढे ढकलायला सांग. हे मी पुस्तकातून सांगत नाही. आजच मलाही एकीने विचारलं, आणि मीही असंच उत्तर दिलं.'

शेवटची दोन वाक्यं मी खोडायला निघालो होतो. विद्यार्थिनीला असं लिहावं का? पाकीट बंद केल्यावर वाटलं, एकदा उघडून बघावं, 'अधिकार' हा शब्द जरा कडक झाला का. डिंक वाळला होता.

पोस्टात रांग होती. माझ्या मागच्या दोघांना मी पुढे जाऊ दिलं. शेवटी खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तुमचं काय, आजोबा?"

"स्पीड पोस्ट. उमरेडला," मी म्हणालो आणि पाकीट आत सरकवलं.

त्यांनी ते वजनाला ठेवलं, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.