खरं बोलणारा हात

रिसालीच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं. रविवारची सकाळ होती आणि स्टेजवर पुंडलिकभाऊ डोळे मिटून, उजवा हात समोर ताठ धरून उभे होते. पुंडलिकभाऊ म्हणजे आमच्या कॉलनीतले पहेलवान. भरलेलं गॅस सिलिंडर खांद्यावर टाकून जिना चढणारा माणूस. त्यांच्यासमोर पांढरे बूट, गालाला चिकटलेला माइक आणि चेहऱ्यात न मावणारं हसू घेऊन उभे होते लाइफ कोच प्रफुल सर.

"अंकल, मनात म्हणा, मैं हारा हुआ आदमी हूँ."

पुंडलिकभाऊंचे ओठ हलले. सरांनी दोन बोटांनी हात दाबला आणि पहेलवानाचा हात रेल्वेच्या सिग्नलसारखा खाली पडला. हॉलभर "अरे बापरे!" उमटलं.

"आता म्हणा, मी चॅम्पियन आहे! जोर से!"

"मी चॅम्पियन आहे!"

सरांनी पुन्हा दाबलं. हात ढिम्म. सरांनी दात-ओठ खाल्ले, चेहरा लाल केला, तरी हात जागचा हलेना.

"देखा? दिमाग खोटं बोलेल, नवरा खोटं बोलेल, पण बॉडी कभी झूठ नहीं बोलती!"

नवऱ्याचा उल्लेख येताच बायकांनी जास्त जोरात टाळ्या वाजवल्या. त्यात माझी मोठी जाऊ रत्नमाला सगळ्यात पुढे. मला कोपराने ढोसत ती म्हणाली, "पाह्यलं का लतिका? विचार बदलला अन् हात लोखंडाचा झाला!"

"मले तर पुंडलिकभाऊ पहिल्या वेळी झोपेत होते असं वाटून राहिलं," मी म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचा सगळा वेळ तोंड बंद ठेवलं.

रत्नाताई सरांकडे 'पर्सनल कोचिंग'ला जायची. खरं सांगायचं तर तिचं जाणं मला समजत होतं. तिचे यजमान धनंजयभाऊजी स्टील प्लांटमधून निवृत्त होऊन पेपरात शिरले होते ते बाहेर यायला तयार नव्हते. मुलगी अनुजा फिजिओथेरपिस्ट होऊन रायपूरला नोकरीला गेली होती. अशा वेळी सरांनी तिला पहिल्याच भेटीत विचारलं, "मॅडम, तुम्हाला स्वतःसाठी काय हवंय?" लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. ती तिथेच रडली. त्या एका चांगल्या प्रश्नावर सरांनी पुढचा सगळा कारभार उभा केला.

कारण प्रश्न तिचा असला तरी उत्तर हात द्यायचा. भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जायचं का? हात दाबून पाहा. फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवायचा? हात दाबून पाहा. हाताने भेंडीलाही नकार दिला आणि भाऊजींच्या ताटातली भेंडी बंद झाली. इथपर्यंत मी हसत होते. मग एक दिवस सरांनी तिची ब्लडप्रेशरची गोळी तिच्या डाव्या मुठीत ठेवली आणि उजवा हात दाबला. हात पडला.

"बॉडी मना कर रही है, मॅडम. ही गोळी तुमची फ्रीक्वेन्सी खाऊन राहिली."

रत्नाताईने गोळी सोडली. डोकं दुखायला लागलं, तर सर म्हणाले, "डिटॉक्स होतंय." कानात आवाज येऊ लागले, तर म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स! युनिव्हर्स कनेक्ट होतंय."

ते कनेक्शन सिविक सेंटरच्या बाजारात लागलं. कापडाच्या दुकानात पडद्याचं कापड पाहता पाहता ती काउंटरला धरून खालीच बसली. चेहरा पांढराफटक. मी तिला ऑटोत घालून डॉक्टरांकडे नेलं. प्रेशरचा आकडा पाहून डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि दंडाला पुन्हा बांधला.

"गोळ्या कोणी बंद केल्या?"

"हातानं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग रत्नाताईला समजावलं, की असंच चाललं तर लकवा मारू शकतो. गोळी लगेच सुरू करायला सांगितली. तिने मान हलवली, घरी आली आणि गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर ठेवून दिलं. मी अनुजाला फोन केला.

शनिवारी दुपारी अनुजा आली. मला वाटलं, आता भांडण होणार. पण पोरगी शांत होती.

"आई, गोळी कावून नाही घेत?"

"माह्या शरीराले नको आहे ते. हात पडते माहा. मी डोळ्यानं पाह्यलं."

"मग उद्या मले पण दाखव. फक्त तुझ्या मुठीत काय आहे ते सरांना माहीत नसेल, तुलेही नसेल. हात बरोबर निघाला, तर मी एक शब्द बोलणार नाही. चुकला, तर तिथल्या तिथं गोळी घ्यायची. मंजूर?"

"सर नाही चुकत."

भाऊजींनी पेपर खाली केला. "उद्याची वाट कशाले पाहाता? आत्ताच घे ना गोळी!"

"तुम्ही पेपर वाचा," रत्नाताई म्हणाली.  पण ती घाबरली होती, आणि कशाला घाबरली होती, हे तिलाही कळत नव्हतं.

रविवारी सरांच्या कार्यक्रमात अनुजा आईला घेऊन सरळ स्टेजवर गेली. "सर, एक छोटासा टेस्ट करेंगे? आईच्या गोळीचा."

"व्हाय नॉट, बेटा! सत्य को टेस्ट से क्या डर?" सरांनी हॉलकडे पाहून हात पसरले. टाळ्या पडल्या.

अनुजाने कुंकवाच्या दोन सारख्या डब्या काढल्या. बाहेर जाऊन एकीत गोळी आणि दुसरीत तुळशीचं पान ठेवून ती आली. तुळशीला रत्नाताईचा हात नेहमी ताठ राहायचा. पहिल्या रांगेतल्या अंजनाबाईंनी दोन्ही डब्या आपल्या पिशवीत घालून अशा हलवल्या, की कुठली कुठे आहे हे देवालाही सांगता येऊ नये. त्यातली एक काढून त्यांनी रत्नाताईच्या मुठीत दिली.

सरांनी हात दाबला. हात ताठ. "तुळस! प्युअर एनर्जी!"

अंजनाबाईंनी डबी उघडली. आत गोळी.

हॉलमध्ये खसखस पिकली. सर म्हणाले, "वॉर्म-अप था." डब्या पुन्हा हलवल्या. या वेळी हात पडला आणि डबीतून तुळस निघाली. नंतर एकदा बरोबर आलं, तेव्हा सरांनी मूठ उंचावली. लगेच पुढचं चुकलं. असं बराच वेळ चाललं. नाणं उडवून उत्तर काढलं असतं, तर यापेक्षा वाईट आलं नसतं.

"डबी बंद आहे ना, एनर्जी बाहेर येत नाही," सर घाम पुसत म्हणाले.

अंजनाबाई मागे हटणाऱ्या नव्हत्या. "मागच्या रविवारी तर माह्या सुनेची एनर्जी तुमी मोबाइलमधल्या फोटोतून काढली!"

आता मात्र हॉल हसून फुटला. अनुजाने पुंडलिकभाऊंना वर बोलावलं. "काका, हात समोर करा. अन् म्हणा, मी चॅम्पियन आहे."

"मी चॅम्पियन आहे!" भाऊ गरजले. अनुजाने मनगटावर दाबलं आणि चॅम्पियनचा हात खाली आला.

"आता म्हणा, मी हरलो."

"मी हरलो," भाऊ म्हणाले. या वेळी तिने कोपराजवळ दाबलं. हात हलला नाही.

"हाताची ताकद तपासणं हे माझं रोजचं काम आहे," अनुजा सगळ्यांना म्हणाली. "दार कडेला ढकललं तर सहज उघडतं, बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो. तसाच हात. मनगटाशी दाबला की पडतो, खांद्याकडे सरकलं की टिकतो. शिवाय पहिल्या वेळी माणूस बेसावध असतो, दुसऱ्या वेळी सावध. अन् दाबणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असलं, तर त्याचा जोर आपोआप कमी-जास्त होतो. कधी मुद्दाम, कधी नकळत. म्हणून तर डब्या आणल्या."

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. सगळा हॉल एकमेकांचे हात दाबू लागला. सासवा सुनांचे, नवरे बायकांचे. "मी हरलो" म्हणत लोक जिंकत होते आणि खिदळत होते.

रत्नाताई मात्र हसत नव्हती. ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. "तुमाले माहीत होतं?"

सरांनी माइक बाजूला केला. "मॅडम, मलाही ट्रेनिंगमध्ये असंच शिकवलं होतं."

"अन् मी दुकानात पडली ते? तेही शिकवलं होतं?"

 अनुजाने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. रत्नाताईने टेबलावरची सरांचीच पाण्याची बाटली उचलली आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली.

 परत येताना ऑटोत रत्नाताई म्हणाली, "पण त्याचा तो प्रश्न चांगला होता, अनुजा."

"होता ना, आई. चांगला कोच तेवढंच करतो. तुझं ऐकतो, नीट प्रश्न विचारतो, तुझं तुलाच ठरवू देतो. औषध डॉक्टरवर सोडतो. अन् माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो."

मला यात एवढीच भर घालायची आहे. मन मोकळं करायला माणूस शोधणं यात काही गैर नाही. तशी गरज कोणालाही पडते. पण कोणी चमत्कार दाखवला, तर म्हणा, डोळे बांधून पुन्हा करून दाखवा. खऱ्या गोष्टीचं त्यात काही बिघडत नाही. आणि शंका विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याच्यापुढे हात करू नका.