झील खंय गेलो?

माझ्या सोलकढीखाली तलाव! मेलं कसलं ते मशीन, माझं डोकंच फिरलं.

मी रुक्मिणी. वाकोल्यात राहते आणि ‘झिलाचं ताट’ नावाची जेवणाची वेबसाइट चालवते. आमच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा. माझा झील सुयोग. साइट त्यानेच बनवून दिली, फोटो कसे चढवायचे तेही शिकवलं. मग त्याच्या लग्नावरून बापलेकाचं वाजलं. आमचे हे, दशरथ, रागात बोलून गेले, “या घरात पाय ठेवू नकोस.” पोराने ते खरं केलं. लग्न करून बेंगळुरूला गेला, नंबरही बदलला.

तेव्हापासून प्रत्येक पदार्थात मी त्याला आणून बसवते. ‘माझ्या झिलाला तिसऱ्यांचं सुकं लागतं.’ ‘झील तापाने पडला की ही पेज.’ कुठेतरी बसून वाचत असेल, एवढीच वेडी आशा. म्हणून साइट बंद पडून चालणार नव्हतं. तिचं वर्षाचं भाडं आधी सुयोग भरायचा, आता कोण भरणार? हे म्हणाले, “मी एक पैसा देणार नाही. बंद कर ते खूळ.” म्हटलं, नका देऊ. जाहिराती लावते, साइट आपलं आपण कमवेल.

जाहिराती आल्या हो! ‘तलावाकाठी टू बीएचके.’ ‘नौकाविहार आणि नाश्ता.’ ‘झीलकिनारी हनिमून.’ आता सोलकढी शिकायला आलेली बाई काय नारळ खाली ठेवून हनिमूनला जाईल? जाहिरातीवर कुणी बोट ठेवलं तरच पैसे, आणि एक जण ठेवेल तर शपथ.

शेजारची मनाली मरोळला जाहिरातींच्याच कंपनीत आहे. तिने पान बघितलं आणि खो खो हसत सुटली. “काकी, मशीन पानावरचे शब्द वाचतं आणि तशा जाहिराती लावतं. हिंदीत झील म्हणजे तलाव ना! त्याला मालवणी कुठे येतं?”

“मग शिकव त्याला.”

“ते नाही शिकत. तुम्हीच शब्द बदला. झीलच्या जागी मुलगा करा, बघा कशा कढया आणि मसाले येतात.”

मी दोन दिवस घुटमळले. शेवटी तिनेच सगळ्या पानांवरून झील काढला आणि मुलगा घातला. काम झटक्यात झालं. मुलगा काय, कुणाचाही असतो. झील माझा होता.

पण कढया आल्या. मिक्सर आले, कोकम आगळही आलं. लोक जाहिराती उघडून बघू लागले. मनाली म्हणाली, “झकास, काकी!” मीही झकास म्हटलं.

चौथ्या दिवशी सोलकढीच्या पानाखाली कुणीतरी लिहिलं होतं. नाव नाही, गाव नाही. फक्त एक ओळ.

‘आये, झील खंय गेलो?’

मला आये म्हणणारं, झील कुठे गेला म्हणून विचारणारं जगात एकच माणूस आहे. म्हणजे तो वाचत होता. सगळं, अगदी पहिल्यापासून! मी मोठ्याने रडले. हे आतून धावत आले, “काय झालं गो?” मी फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा पुसून ते ती ओळ कितीतरी वेळ वाचत राहिले.

“तो शब्द परत घाल,” हे म्हणाले.

“मग परत तलाव येतील. साइटचं भाडं?”

“मी भरीन. आणि लिव त्याका, बापाशीन बोलावल्यान हा म्हणान. दोघांकय.”

सुयोगच्या लग्नानंतर पहिल्यांदाच यांनी सुनेलाही धरून ‘दोघांकय’ म्हटलं. मी त्या ओळीखाली तसंच लिहिलं, एक अक्षर बदललं नाही.

अजून उत्तर आलेलं नाही. पानावर तलाव मात्र परत आलेत, होड्यांसकट. कुणाचं बोट पडो न पडो, आम्ही दोघं जेवण झालं की फोन मध्ये ठेवून ते तलाव बघत बसतो. ये रे झिला, सोलकढी करून ठेवलीय.