न पिळलेलं फडकं

"झाकण उघडू नगं, बाई. पाणी बदल," हॅरिस साहेब खुर्चीतून म्हणाले.

सगुणाबाईंनी घंगाळातलं तापलेलं पाणी उपसून टाकलं आणि विहिरीचं गार पाणी तिसऱ्यांदा ओतलं. घंगाळात कल्हईचं मोठं पातेलं होतं. पातेल्यात सकाळभर उकळलेला जवाचा काढा आणि साहेबांच्या बहिणीने विलायतेहून धाडलेली कडू, सुकी फुलं. काढा झटकन निवला पाहिजे, आणि निवल्यावर त्याला हात लागता कामा नये, नाहीतर आंबतो. साहेबांनी हे दोनदा सांगितलं होतं.

१९५८चा डिसेंबर. धरणावरून निवृत्त झालेले साहेब माले गावाजवळ धरणाच्याच बंगल्यात एकटेच राहत. दर हिवाळ्यात स्वतःच्या हाताने बिअर काढत. दारूबंदी असली तरी परवान्यावर त्यांना बाटल्या विकत मिळत. घरी काढायला मात्र मनाई होती, म्हणून त्या दिवशी मागचं दार बंद असे. यंदा हात थरथरू लागले. पातेलं उचलवेना. बहिणीचं पत्र आलं होतं, आता इकडे ये.

"हे जमलं तर हितंच ऱ्हाईन," साहेब म्हणाले होते. त्यांचं मराठी धरणावरच्या गवंड्यांकडून उचललेलं. "न्हाई जमलं तर जाईन."

सगुणाबाई विधवा. रिहे गावातलं घर दिराने घेतल्यापासून अकरा वर्षं त्या इथे स्वयंपाक करत होत्या. मागची खोली त्यांची. दिवसातून त्यांच्याशी चार वाक्यं बोलणारा माणूस एकच, साहेब.

दार वाजलं. दूध घालणारी बानूबाई.

"सगुणे, दार का लावलंयस? वास कसला येतोय?"

"सायबास्नी खोकला झालाय. काढा केलाय."

"पातेलंभर? सायबाला झालाय का हत्तीला?"

साहेब तोंडावर रुमाल धरून हसले. बानूबाई गेली.

"आता गाळ," ते म्हणाले.

उकळून वाळवलेलं फडकं बरणीच्या तोंडावर बांधलेलं होतं. काढा बेताबेताने उतरला. शेवटी फडक्यात चोथा राहिला, चांगला ओला. सगुणाबाईंनी फडकं सोडून चारी टोकं एकत्र केली, पीळ दिला आणि दुसऱ्या हाताने गच्च दाबलं. चक्क्याचं फडकं त्या आयुष्यभर असंच पिळत आल्या होत्या. बोटांमधून गढूळ धार बरणीत पडली. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"सायेब, हात लागला."

साहेब बरणीकडे वाकले.

"कोमट हाय न्हवं?"

"व्हय."

"मग घाल खमीर."

तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. आंबूस वास दारापर्यंत आला. साहेबांना ग्लास धरवेना. सगुणाबाईंनी तो त्यांच्या ओठांना लावला. ते सावकाश, थेंबही न ठेवता प्याले.

"लई झ्याक."

"खरं सांगा."

"खरंच. अजून वत."

दुसरा ग्लासही त्यांनी तसाच संपवला. सकाळी कागद मागितला, बहिणीला लिहायला.

"तुमी म्हनला हुता, जमलं तर ऱ्हाईन."

"बिअर जमली, बाई," साहेब म्हणाले. "पन ग्लास तुला धरावा लागला."

फेब्रुवारीत मोटार आली आणि त्यांना घेऊन गेली. नवा साहेब येईपर्यंत बंगला सांभाळायला सगुणाबाईंना ठेवलं.

एका दुपारी बानूबाई आली तेव्हा स्वयंपाकघरात खुंटीला तेच फडकं टांगलेलं होतं. आत दही. खाली वाडगं.

"एवढं कुणासाठनं गं?"

सगुणाबाईंनी वाडगं फडक्याखाली नीट सरकवलं.

"मग पीळ की. कवा व्हायचं असं?"

"न्हाई. गळू दे आपसूक."

बानूबाई निघून गेली. सगुणाबाई दोन्ही हात पदराखाली घेऊन पाटावर बसून राहिल्या. वाडग्यात एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा.