तृप्तीचे बोंडले

संत्र्याची साल. तापल्या पितळेवर फिरवलेला नवसागर आणि त्याचा पांढरा धूर. काचेची बारीक नळी, तीत बोटभर रक्त. रांगणे विसरलेले दोन गुडघे.

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. संबंध माझ्यामुळे आला. मी एक जुने पितळी बोंडले आहे. तळहाताएवढे, एका बाजूला चोच काढलेले, तान्ह्या बाळाला दूध आणि रस पाजायचे भांडे.

भंडाऱ्याच्या एका कारखान्यात परसराम भांडी घडवायचा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी त्याला मुलगा झाला, विनोद. त्याच्यासाठी परसरामने एकाच पत्र्यातून मला ठोकून काढले, आतून स्वतःच्या हाताने कथलाची कलई केली आणि नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या कारधा गावी घरी नेले. त्याची बायको वच्छला मला दुसऱ्या कोणाला घासू देत नसे. विनोद माझ्यातून प्याला आणि वाढला. पुढे परसराम गेला, कारखान्याला कुलूप लागले, आणि मी फळीवर स्टीलच्या डब्यांमागे पडून राहिले. कोणी आठवण काढत नाही याचे मला तेव्हा दुःख होते. आता वाटते, तीच वर्षे बरी होती.

विनोदला मुलगी झाली, तृप्ती. ती सात महिन्यांची झाली तेव्हा वच्छलाने मला खाली काढले. आतली कलई उडाली होती. उघड्या पितळेत आंबट कळकते, हे कारागिराच्या बायकोला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून दसऱ्यानंतर कलईवाला दारावर आला, तेव्हा तिने सगळ्यांत आधी मला पुढे केले. त्याने मला तापवून आत नवसागर फिरवला आणि कथील पसरले; त्याच्या कथलात शिसे मिसळलेले होते. असे कथील स्वस्त पडते, लवकर वितळते, आणि डोळ्यांना फरक कळत नाही. माझे पोट चांदीसारखे झाले. खरे सांगते, मला अभिमान वाटला.

मग संत्र्यांचे दिवस आले. वच्छला सकाळी रस काढायची आणि दुपारपर्यंत माझ्यातच झाकून ठेवायची. कलई आहे, आता कळकणार नाही, असा तिचा हिशेब. आंबट रस माझ्या पोटातले शिसे हळूहळू ओढून घेत होता. तृप्ती शेवटच्या थेंबापर्यंत चोखायची.

दोन महिन्यांत ती फिकी पडली. पोट धरल्यासारखी रडायची, शौचाला व्हायचे नाही. रांगत होती, ती बसून राहू लागली. शेजारच्या पुष्पाबाईंनी नजर काढायला सांगितले. वच्छलाने त्यांना फटकारले, की आमच्या घरी असलं काही मानत नाहीत, आमी डॉक्टरले दाखवतो. आणि दाखवलेही, आधी भंडाऱ्याला, मग नागपूरला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. रक्तात शिसे निघाले. त्यांनी घरातला जुना रंग विचारला, काजळ विचारले, बॅटरीचे काम विचारले. तृप्तीची आई रीना प्रत्येकाला नाही म्हणत गेली. शेवटी त्यांनी विचारले, बाळाला पाजता कशातून? रीनाने पिशवीतून मला काढले.

"हे आमच्या घरचंच हाय, मॅडम," वच्छला कौतुकाने म्हणाली. "तिच्यासाठीच नवीन कलई करून घेतली."

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरून आतल्या कलईवर बोट फिरवले, आणि शिसे यातूनच गेले असणार असे सांगितले.

तृप्तीला दवाखान्यात ठेवले. शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध सुरू झाले. रोज सुई, पुन्हा रक्त, पुन्हा आकडा. आकडा उतरत गेला. पण रक्तातले उतरते, मेंदूला जे लागले ते सगळे भरून येईल असे सांगता येत नाही, हे त्यांनी रीनाला समजावून सांगितले.

त्या दिवसापासून वच्छलाने नातीला हात लावणे सोडले. पलंगापासून लांब बसायची. रीना स्टीलची वाटी घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"आई, तुमी पाजा."

"मी नाही पाजत. मीच पाजलं वं तिले, माझ्या या हातानं."

"मंग? तुमच्या हातात काय शिसं भरलं हाय? धरा. माह्या हातून ते पेत नाही."

वच्छलाने वाटी धरली. अर्धे दूध तिच्या लुगड्यावर सांडले.

तृप्ती आता अडीच वर्षांची आहे. चालते. बोलत नाही अजून. वच्छला तिच्यापुढे बसून दिवसभर एकेक शब्द म्हणते आणि थांबते.

मला कागदात गुंडाळून कपाटावर ठेवले आहे, कोणाच्या हाती पडू नये म्हणून. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी असेल. त्याला प्रेमाने जपा, पण कलई कशाची आहे याची खात्री नसेल तर त्यातून बाळाला काही पाजू नका. आणि बाळ फिके पडले, खेळायचे थांबले, तर डॉक्टरांना घरातली भांडीसुद्धा दाखवा. आम्हाला स्वतःहून बोलता येत नाही.

पहिला रस काढला त्या दिवशी तृप्तीच्या आधी वच्छलाने स्वतः माझ्यातून तो पिऊन पाहिला होता, कळकला नाही ना म्हणून.