काचेचं दुसरं टोक

सन एकोणीसशे ब्याऐंशीचा हिवाळा सरत आला होता, तेव्हा एका सोमवारी माझ्या हाताला कंप सुटला. मी काच कापणारा. काच कापायची हिरकणी एकदाच फिरवायची, रेघ परत गिरवायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. आणि त्या दिवशी माझी रेघ वाकडी गेली.

धाकटा भाऊ समोर उभा होता. "काय दादा, काल कुठं बसला होतास?" म्हणाला आणि हसला.

मी जन्मात थेंब घेतलेला नाही. पिणारा तो. तोही रोज नाही. शनिवारी दुपारी दुकान बंद झालं की एका बैठकीत बाटली रिकामी करायची, आणि वर मलाच ऐकवायचं, "आठवडाभर कोरडा असतो मी. बेवडा रोज पितो."

तो आडवा झाला की मी त्याला कुशीवर वळवायचो, उलटी घशात अडकू नये म्हणून, आणि शुद्ध येईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायचो. काच निसटली तर हात सोडून मागं व्हायचं, धरायला जायचं नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तरी एकदा काचेचा मोठा तक्ता माझ्या मानेवर येत होता तेव्हा यानं आपलं टोक सोडून मध्ये खांदा घातला होता. मी कुणाचं देणं ठेवत नाही.

पुढं माझी भूक गेली, डोळे पिवळे पडले. डॉक्टरांनी पोट दाबलं, रक्त तपासलं.

"काका, यकृत सुजलंय. दारू सोडा."

"घेत नाही."

"सगळे असंच म्हणतात."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. भावाला ओढत नेऊन तपासून घेतलं, तर त्याचं सगळं तान्ह्या मुलासारखं निर्मळ.

त्यानंतरच्या शनिवारी मी त्याच्याकडे गेलो नाही. घरीच पडून राहिलो. सोमवारी पोटभर जेवलो, माझी रेघ दोरीसारखी सरळ आली, आणि एवढ्यात भावजय दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. "भाऊजी, तुम्ही आला नाहीत. हे रक्त ओकले."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला बजावलं, अशी आणखी एक बैठक म्हणजे शेवट. त्यानं कानाला हात लावला. पुढचा शनिवार कोरडाच गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी तो बसला.

मी पोचलो तेव्हा तो उताणा पडलेला, ओठ निळे, श्वास अडकत अडकत चाललेला. भावजय दारातून बाजूला झाली. माझ्या पिवळ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाली, "बसता का थोडं? तुम्ही बसलात की त्यांना बरं वाटतं."

परत जाता आलं असतं. दार उघडंच होतं.

मी त्याला कुशीवर वळवलं आणि पाठीवर हात ठेवला. हळूहळू त्याचे ओठ लाल झाले, श्वास एका लयीत आला. माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. मी हात काढला नाही.

रविवारी सकाळी तो उठला, तोंड धुतलं, जेवायला मागितलं. मी भिंतीशी घसरून पडलो होतो, जीभ वळत नव्हती. तो माझ्यावर वाकला, तोंडाजवळ वास घेतला आणि चटकन मागं झाला.

"दादा," तो हळू आवाजात म्हणाला, "तू कधीपासून प्यायला लागलास?"

त्याच्या त्या खांद्याचं देणं फिटलं होतं.