जिन्यातली बादली

तिसरा मजला मधला, म्हणून बादली मावशींच्या दारासमोर ठेवायचं सोसायटीच्या बैठकीत ठरलं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी पाचही मजल्यांनी तीत ओतायचं आणि ते फाटकाजवळच्या नव्या रोपाला घालायचं. टाळ्याही पडल्या. मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. शिवणकाम करत, एकट्या राहत.

पहिले पंधरा दिवस नुसती वर्दळ. मावशींनी मशीन दाराशी ओढलं. पाणी पडल्याच्या आवाजावरून त्या माणूस ओळखत. वरचे आजोबा थेंब मोजल्यासारखे ओतत, नर्सबाई भसकन.

"मावशी, माझी बाही कधी लागणार?" नर्सबाई विचारी.

"तू घटकाभर बसलीस की!"

मग ज्याची त्याची कामं निघाली. बादली कोरडी राहू लागली. सेक्रेटरी म्हणाले, "रविवारी रिकामी दिसली तर उचलतो हं. जिन्यात पायात येते."

बादली गेली की दाराशी थांबणार कोण? शनिवारी मावशींनी नळाच्या पाण्याने ती भरली. वर कोथिंबिरीची दोन पानं सोडली, पुराव्यादाखल.

रविवारी सेक्रेटरी वाकले. "भाजी धुतली, की पाण्याला लांबून दाखवली? तळ दिसतोय!"

मावशींचा चेहरा उतरला. "नळाचं आहे. पाणी वाचवायच्या बादलीत मीच पाणी नासवलं."

ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "असू दे हो. आपण ही रोपापाशीच ठेवू. जाता-येता ओततील सगळे. तुमच्या दाराशी ओलही नको." आणि बादली घेऊन गेले.

युक्ती बरोबर निघाली. कामावर जाताना माणसं ओतून जाऊ लागली. रोपाला फुटवे आले. खिडकीतून मावशींना शेंडा दिसे. बोलणं मात्र वरपर्यंत येत नसे.

एका सकाळी तांदूळ धुताना त्यांचा हात थांबला. एवढे दिवस बादली राखली, पण स्वतःचं पाणी तीत कधी ओतलंच नव्हतं. एका माणसाच्या तांदळाचं पाणी ते केवढं? वाटीभर. लाज वाटायची.

त्यांनी वाटीवर तळवा धरला, गुडघ्यांना दटावलं आणि कठड्याच्या आधाराने निघाल्या. खाली पोचेपर्यंत अर्धं सांडलं.

बादलीपाशी नर्सबाई होती. "अगबाई, मावशी! तुम्ही खाली?"

"एवढंच आहे गं."

"मग ओता की!" ती बाजूला सरली, घड्याळ बघून हसली आणि घाईघाईने निघूनही गेली.

मावशींनी वाटी उपडी केली. आवाज जेमतेमच झाला. त्या तिथेच उभ्या राहिल्या, जिन्यावर आता कुणाची पावलं वाजतात ते ऐकत.